एकच खूण करा

तक्त्यातला सातवा रकाना : बायोम.
खाली बारीक अक्षरात, एकच खूण करा.

वाल्दिव्हिनोने कानावरची पेन्सिल काढली.
बाई, तुमचं घर कशात येतं?
एरोन्दिना पेकीची फळं फोडत बसलेली.
घर कशात येईल? ते इथंच आहे,
बापाने बांधलं तेव्हापासून.

नकाशातली रेघ तिच्या स्वयंपाकघरातून गेलेली.
चूल सेर्रादोत. पाण्याचं मडकं कातिंगात.
सेर्रादो म्हणजे बंद,
आणि दारापुढे तर नजर थकेपर्यंत उघडा माळ,
वाकडी झाडं, बुचासारखी जाड साल,
आगीतून चालत आल्यासारखी.
कातिंगा म्हणजे पांढरं रान,
ते मात्र खरं :
पानं झडली की नुसती हाडं उभी.

पण बायोम म्हणजे काय रे?

त्याने वहीतून वाचलं :
ठरावीक हवामान, त्याला साजेशा वनस्पती, प्राणी,
विस्तीर्ण प्रदेशावरचा जीवसमूह.
केवढा विस्तीर्ण?
फार.
कोंबड्या धरतात त्यात?
त्याने पान उलटलं.
आणि आम्ही?
पुढचं पान कोरं होतं.

म्हणजे कोण कोणाबरोबर नांदतं, ते ना?
हो, तो म्हणाला, तसंच काहीसं.
मग लिही, हा उंबू तिकडचा,
मुळांच्या गाठींत पाणी लपवतो, कंजूष मेला.
ही पेकी इकडची.
माझ्या आवारात दोघं चाळीस वर्षं नांदतायत
आणि माझा भाऊ राहायचा त्या पठारावर
आता निलगिरी आहे, कंपनीची,
शाळेच्या कवायतीसारखी रांगेत.
पक्षी नाही. ओढा आटला.
त्याला काय म्हणतात तुझ्या वहीत?

पेन्सिलीचं टोक मोडलं, की त्याने मोडलं.

तिने भाताचं ताट पुढे केलं, वर पिवळीधमक पेकी.
चावू नकोस हं. बाहेरच्या माणसांना सांगावं लागतं.
दातांनी हळू खरवड.
गराच्या आत बारीक काटे असतात,
जिभेत घुसले तर दवाखाना तीन तासांवर.

तो खरवडत राहिला,
मधूनच पुटपुटला, बायोम,
जिभेला काही टोचतंय का पाहत.

फुली दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर पडली.
कचेरी तक्ता परत पाठवणार, हे त्याला ठाऊक होतं.
वळणावर मोटरसायकल थांबवून
त्याने बोटं हुंगली.
वास गेला नव्हता.