केशरी फीत

पहाटे साडेपाच. आरेच्या तबेल्यांकडून
शेण, पेंड आणि ताज्या धारेचा वास.
माझ्या हँडलला दोनशे चौदा नंबर.
शेजारचा पोरगा, फार तर बाविशीचा,
अंगठ्यानं टायर दाबून बघत विचारतो,
"मावशी, तुम्ही मदतनीस ना? पाणी कुठंय?"
मी पाणी दाखवते.

वय सत्तेचाळीस. मरोळच्या लॅबमध्ये रक्त काढते,
दिवसाला साठेक हात.
सायकल जुनी घेतलेली, पुढचा शॉकअप गळका.
सिराजभाईनं तेल भरलं, पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, आधी परत तर या.

शिट्टी.
पहिले दोन किलोमीटर डांबर,
आणि डांबरावर सगळेच शूर.
मग डावं वळण. मुरूम, मुळं, पुन्हा मुरूम,
सागाची वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात.
मान वर केली की झाडांच्या डोक्यावर
कुणाच्या तरी विसाव्या मजल्यावरचं धुणं.
चढावर मी मोजते :
पायडलाचे तीस फेरे, एक घोट.
तीस फेरे, एक शिवी.
शिव्या संपल्या तेव्हा चढ अर्धाच झाला होता.

उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही,
हे पाठ होतं.
दाबला.
करवंदीच्या जाळीतून मला मीच बाहेर काढलं.
दुसऱ्यांचं रक्त रोज बघते, आपलं बघायची सवय नाही.
गुडघ्यावरचं नीट पाहिलं. रंग गडद,
हिमोग्लोबिन बरं दिसतंय.

दर पन्नास पावलांवर झाडाला केशरी फीत बांधलेली,
म्हणजे वाट हीच.
एकविसाव्या किलोमीटरला फिती संपल्या.
मी थांबले. मागून भांडुपचे एक दातांचे डॉक्टर आले,
तेही थांबले.
"ती बघा," ते म्हणाले.
फीत होती खरी, पण चालत होती.
आम्ही दोघं तिच्या मागं,
ओढा उतरून, कुडाच्या झाडांतून,
एका पाड्याच्या अंगणात.
शेळीनं तिथं रांजणाला अंग घासलं.

वालाच्या शेंगा सोलणारी बाई हसली.
"तुमची का चिंधी? रंग लांबून दिसतो
म्हणून बांधली. हरवते सारखी."
"आम्हीपण," डॉक्टर म्हणाले.
लाडकी वांगड तिचं नाव. दोन तांबे पाणी दिलं,
वाट विचारली तर हात फिरवून
सगळं रानच दाखवलं.

हात जाडजूड असला, पेशंट घाबरलेला असला,
की नस डोळ्यांना दिसत नाही.
तेव्हा बघायचं नसतं.
बोट टेकवायचं, थोडं दाबायचं,
खाली काहीतरी उलटून ढकलतं, तिथं ती.
मी सीटवरून उठले, हँडल सैल धरलं,
आणि पुढच्या चाकाला चाचपू दिलं.
भुसभुशीत, भुसभुशीत, पुन्हा भुसभुशीत,
मग टणक.
पुष्कळ पायांनी बसवलेली माती.
"डॉक्टर, इकडून."

शेवटी पोचलो तेव्हा कमान उतरवली होती,
वेळ मोजणारी चटई गुंडाळून टेम्पोत.
केळ्यांच्या साली, घोंगावणाऱ्या माश्या,
आणि फुल्जन्स नावाचा एक म्हातारा, खुर्ची घडी करत.
त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं,
केळीवाल्याच्या बिलामागं लिहिलं :
२१४. सहा तास, नऊ मिनिटं.
"अंदाजे हां," म्हणाला.
सकाळचा पोरगा पायरीवर, पोटरीला बर्फ लावून.
बाराव्या किलोमीटरला पिंडरी वळली होती.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"पाणी आहे का?"
बाटलीत होतं थोडं, रांजणातलं.

यादीत माझं नाव आलं नाही.
सोमवारी सकाळी सात, पहिला पेशंट,
उपाशीपोटी, चिडका.
हातमोज्यात तळव्याचे फोड ठसठसत होते.
"बाई, हात थरथरतोय तुमचा."
मुळं लागली हो वाटेत, म्हटलं.
मूठ आवळा.