अक्काताई सापडत नाहीत

निपाणीच्या बिडी कामगारांच्या यादीत
एक हजार चारशे बारा बायका.
एक हजार चारशे अकरा सापडतात.
अक्काताई भोपळे सापडत नाहीत,
आणि त्याच सगळ्यात वर आहेत.

चौथ्या खेपेला चपला दाराबाहेर काढून आल्या,
जणू चूक पायांची होती.
"बघ की गं परत. काल होतंच की नाव."
आजही आहे. स्क्रीनवर, ठसठशीत.
मी तेच नाव टाइप करते,
मशीन म्हणतं : नोंद नाही.

काना बघितला, मात्रा बघितली,
ळचा ल झालाय का तेही.
शेवटी अक्षरं मोजायला लावली,
तर दिसतं त्याहून एक जास्त भरलं.
अक्काताईंच्या 'अ'पुढे कुणीतरी बसलेलं,
रुंदी शून्य.

ईरण्णा फोनवर म्हणाला, "बॉम इरबेकु नोड्री,
फाइलच्या तोंडाशीच."
होता. तीन बाइट.
कुठलं टोक आधी वाचायचं, हे सांगणारी खूण,
टोकांचा प्रश्नच नसलेल्या यूटीएफ-आठमध्ये
बेळगावच्या कचेरीतल्या कुठल्याशा कॉम्प्युटरने
सवयीने लावून दिलेली.

ईरण्णाशी ओळखही अशाच एका फाइलीने झाली.
गेल्या साली अख्खी यादी चुकीच्या एन्कोडिंगात उघडली होती,
मराठीचा रकाना, कन्नडचा रकाना,
दोन्हीकडे ओळीने तोच एक इंग्रजी ए,
डोक्यावर तिरपी काडी घेतलेला.
चौकातल्या पाटीवरून ज्यांची डोकी फुटतात
त्या दोन्ही लिप्यांचा पहिला बाइट एकच.
आमचं कुठलं, त्यांचं कुठलं,
कळायला दुसऱ्यापर्यंत जावं लागलं :
मराठीत पुढे बहुतेक एक काटेरी गोल,
कन्नडात बारीकसा दोन.
हे मी घरी सांगितलं. कुणी हसलं नाही.

तीन बाइट पुसले. नाव लागलं.
अक्काताई पावतीसाठी अंगठा पदराला पुसत होत्या.
"कोण होतं गं माझ्या पुढं?"
"कुणी नाही, मावशी. दिसत नाही असं एक."
"कुणी नाही म्हणतीस,
आणि तीन महिनं पैसं अडलं की."

मंगळवारी बेळगावहून नवी यादी आली.
उघडायच्या आधीच मी पहिलं नाव मोजलं.
एकाने जास्त.
या खेपेला अंबूबाई कागले.