साबण म्हटल्यावर

शापोऱ्याच्या जेटीवरल्या मासळीच्या पेट्या कापून
मिंगेलने विमान केलंय.
कितीही धुतलं तरी पंखांना बांगड्याचा वास,
म्हणून तुयेच्या सड्यावर आम्ही पोचतो
तर घारी आमच्याआधी हजर.

चार वाजत आलेत. मतलई कधीच मेली,
आता मोरजीकडून खारा वारा.
मी चिमूटभर वाळकं गवत उडवते,
ते माझ्याच ओढणीवर परत येतं.
"म्हणजे तोंड तिकडे," मिंगेल म्हणतो.

त्याच्या उजव्या हाताची तर्जनी
पहिल्या पेऱ्यापाशी संपते.
जन्मभर होड्यांची इंजिनं उघडली, तेव्हा शाबूत होती;
सहा इंची पंख्याने नेली,
कुणीतरी हाक मारली, हा वळला, तेवढ्यात.
ही गोष्ट तो सांगत नाही, त्याची बायको सांगते.
तो फक्त माझा हात विमानाच्या पोटाखाली बसवतो:
"इथं. पंखा मागं, मनगट पुढं.
बांगडी काढ. ओढणी कमरेला बांध."

मग तपासणी.
आधी रिमोट चालू, मागाहून बॅटरी,
उलटं कधीच नाही.
काठी डावीकडे. "डावी झडप वर," मी म्हणते.
काठी ओढली. "शेपटी वर."
तो प्रत्येकाला मान हलवतो.
बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या मोजून आकडा सांगत आले,
इतकं नीट कुणी ऐकलं नव्हतं.

मागच्या रविवारी खूण ठरली होती: "दे".
मिंगेल चष्मा पुसत होता, रिमोट गळ्यात लोंबत,
आणि पलीकडे क्रिकेटवाल्या पोरांतला कुणी ओरडला,
"दे रे, दे!"
मी दिलं.
आंब्याला दगड मारावा तसं, वर बघून, सगळा जोर लावून.
नाक उचलून ते क्षणभर हवेत थांबलं,
कुणी येतंय का बघितल्यासारखं,
मग थेट करवंदीच्या जाळीत.

मिंगेल रागावला नाही.
काटे उपसता उपसता म्हणाला,
"शब्द बदलूया गो.
असा, जो या सड्यावर कुणी उगाच ओरडणार नाही."
बराच वेळ शोधत बसलो.
सोड, जा, हां, मार, सगळे पोरांनी आधीच घेतलेले.

आज नाकावर निळी चिकटपट्टी.
पोरं वाटेच्या पल्याड, आमच्या पुढ्यात कुणी नाही.
दोन पावलं चालते, तिसरं लांब टाकते,
हात खांद्याच्या रेषेत,
नाक क्षितिजाच्या नखभर वर,
भरली बशी नेताना लागतो
तेवढाच तोल, तेवढीच घाई.
त्याचे दोन्ही अंगठे काठ्यांवर.

"साबण!"

पोट सुटतं.
हात मी तिथंच ठेवते, रिकामा,
मागून पंखा निघून जाईतो.
एक.
विमान बसत जातं, गवताचे शेंडे
लागले, लागले
आणि आता कुठे मोटर बोलते.
घारी थोड्या सरकतात,
देवळाच्या पायरीवर बायका सरकून बसतात तशा.

मिंगेल वर बघतोय. मी त्याच्या हातांकडे:
नऊ बोटं, एक अर्धं, एकही स्वस्थ नाही.
माझ्या तळव्याला बांगड्याचा वास राहिलाय.
घरी गेल्यावर चांगला चोळून लावायला हवा,
काय ते, ओठांवर आलंच होतं,
आतच धरलं.
अजून विमान वर आहे.