एक मोल मीठ

त्या वर्षी घरात कुणी आजारी होतं, असं सांगता आलं असतं.
कुणीच नव्हतं.
अब्बांची ड्युटी नियमित, अम्मीचा डबा वेळेवर,
एसीसुद्धा बंद पडला नाही.
मला नुसतं कळलं नाही
मोल म्हणजे काय ते.
रसायनशास्त्र अठ्ठेचाळीस. भौतिक त्रेचाळीस.
समोरच्या फ्लॅटमधल्या मेहजबीनला एक्क्याण्णव.
तिच्याकडून आलेल्या बर्फीवर
चांदीचा वर्ख होता, तोही खरा.

शारजात म्हणाले, साठ लागतात.
रास अल खैमात म्हणाले, साठ लागतातच.
अजमानला फोन कुणी उचललाच नाही,
म्हणून तिथली आशा शिल्लक राहिली.
अब्बा गुणपत्रिका घेऊन हिंडले.
वकिलातीचा शिक्का, मंत्रालयाचा शिक्का,
दीडशे दिरहम, परत दीडशे.
शेवटी त्या कागदावर
गुणांपेक्षा शिक्केच जास्त दिसू लागले.
"आता जरा जड झाला," अब्बा म्हणाले.
खाडीत लाँचींची इंजिनं उघडणारा माणूस,
त्याला वस्तू वजनावरून कळते.

डॉक्टर सलवा, सुदानच्या.
टेबलावर खजूर, चष्मा, माझा जड कागद.
"फार्मसीच का?"
पाठ केलेलं उत्तर होतं, सेवा वगैरे.
ते अडकलं घशात,
पाण्याविना गिळलेल्या गोळीसारखं.

मग म्हटलं, आमच्या बिल्डिंगखाली एक औषधांचं दुकान आहे.
दुकानाचं नाव सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही,
त्या माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे.
वाचता न येणारे बरेच येतात तिथे,
कॅम्पातून, यार्डातून.
संध्याकाळी मी त्यांच्या पाकिटांवर चित्रं काढायचे.
सकाळची गोळी सूर्य. रात्रीची चंद्र.
चंद्र मला छान जमायचा.

एकदा इंद्रबहादूर आला, अंगभर खाज.
मी चंद्र काढून दिला.
चौथ्या दिवशी परत आला, अंगठ्याला पट्टी.
रात्रपाळीचा होता तो.
चंद्र बघितला, गोळी घेतली,
आणि पत्रे कापायच्या मशीनसमोर
डोळा लागला.
रागावला नाही. उलट म्हणाला,
बहनजी, गोली एक नंबर है, नींद मस्त आती है.

तुम्ही झोपता कधी?
एवढंच विचारायचं राहिलं होतं माझं.

डॉक्टर सलवांनी पेन खाली ठेवलं.
मग उचललं.
बराच वेळ लिहीत होत्या, उजवीकडून डावीकडे,
मला काय कळणार पास की नापास.

सशर्त प्रवेश.
पहिल्या सत्रात रसायन पुन्हा मुळापासून,
सत्तरच्या खाली आलीस तर घरी.
फी ऐकून अम्मीने बांगड्यांकडे नाही पाहिलं,
फोनमधला फोटो काढून पाहिला,
गावचं घर, वरच्या मजल्याच्या नुसत्या सळया.
"गंजतील थोड्या," म्हणाली,
आणि मेहजबीनकडे बर्फी पाठवली.
वर्ख नव्हता.

काल प्रयोगशाळेत
एक मोल मीठ मोजलं.
साडेअठ्ठावन्न ग्रॅम.
काट्यावरचा आकडा थरथरत होता,
की माझाच श्वास लागत होता त्याला.
मुठीत मावेल एवढंच ते,
ज्याच्यासाठी मी अख्खं वर्ष घालवलं.

घरी आले तर अब्बा सुरमईला मीठ चोळत बसलेले.
म्हटलं, एवढ्या मिठात कण किती असतात ठाऊक आहे?
सहा लिहा, पुढे तेवीस शून्यं.
हात थांबला त्यांचा.
"एवढं असतं होय? मग सतराव्या वर्षी
कुणाला कळणार आहे?"
पण मोजून बघायचं होतंच त्यांना.
दोन्ही हातांची बोटं संपली,
मग पायांची.
"वीसच भरली," म्हणाले. "उरलेली तीन?"

मी माझा हात पुढे केला.