चाळीस अक्षरांची ओळ

हार्टफर्डमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
मी माँटेगो बेच्या एका हॉटेलचा पगार काढते.
खाली बर्फ ढकलणारा ट्रक
मागे येताना कोकलतो,
आणि पडद्यावर एकशे बारा माणसं
उन्हात उभी: माळी, बारवाला, चादरी बदलणाऱ्या.

आधी राष्ट्रीय विमा.
मग घरबांधणी निधी, मग शिक्षण कर,
उरलेल्यावर प्राप्तिकर.
क्रम चुकला तर दोन-चार डॉलर इकडचे तिकडे होतात
आणि मला रात्री उठून पाणी प्यावं लागतं.

शेजारच्या टेबलावरची आयोनी प्राइस म्हणते,
त्या निधीला नावं ठेवू नकोस,
माझ्या आईचं छप्पर त्यातलंच आहे.
तिचे वडील इथे तंबाखू तोडायला यायचे,
मोसमापुरत्या परवान्यावर.
पानं संपली की परवाना संपला.
ती हे सांगते आणि स्टेपलरमध्ये पिना भरते.

त्र्याण्णव नंबरला आडनाव दिसलं: वेंगुर्लेकर.
दिगंबर. तंदूर आचारी.
परवाना याच मालकापुरता,
एकतीस मार्चपर्यंत.
रकान्याला पिवळा रंग आला होता;
लाल झाला की यंत्र आपोआप पगार थांबवतं,
मला विचारत नाही.

माझं माहेर कुडाळ. तिथून त्याचं गाव
एसटीने तास-सव्वा तास.
पन्नाशीचा माणूस, शिक्षण कर भरतोय.
परक्या बेटावर महिन्याला एक वीट ठेवतोय.
हसू आलं, मग माझीच पावती काढून पाहिली:
चाळीस तिमाह्या भरल्या तर इथलं म्हातारपण मिळतं,
माझ्या झाल्यात एकवीस.
माझाही एक रकाना आहे कुठेतरी,
सप्टेंबरला पिवळा होणारा,
आणि तो पाहणारी बाई मला माहीत नाही.

पगाराच्या पावतीवर तळाशी एक ओळ असते,
नाताळच्या शुभेच्छांसाठी. चाळीस अक्षरं, फक्त रोमन.
त्याच्या एकट्याच्या पावतीवर मी टाइप केलं:
परमिटाचा बघ मरे, मार्चात संपता.
छत्तीस झाली. चार उरली.
नियमात बसत नाही हे. आयोनीने पाहिलं,
आणि कॉफी आणायला गेली.

मार्चचा पगार काढायला बसले
तर रकाना पांढरा. पुढच्या वर्षाची तारीख.
अर्ज जानेवारीतच गेला होता म्हणे;
माझ्या ओळीची काहीच गरज नव्हती.

मात्र मंजुरीच्या रांगेत एक विनंती पडली होती,
कर्मचारी त्र्याण्णव, पत्ता बदल.
घर तेच, रस्ता तोच,
फक्त पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत,
जिथे लोक मजला किंवा खोली लिहितात, तिथे:
बांगडो डब्यातलो. तिरफळा नाय.

यंत्राने विचारलं, मंजूर की नामंजूर.
ट्रक पुन्हा मागे येत होता.
मी नियमाप्रमाणे स्पेलिंग तपासलं
आणि मंजूर केलं.