किलोमागे

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
हातमोज्यांवर बोलायची माझी ही सातवी खेप.
तोच पडदा, तोच भाजलेल्या तळव्याचा फोटो,
चौथ्या चित्राला तोच विनोद.
बायका माझ्याआधी हसून घेतात.

टरफलातलं तेल लागलं तर काय होतं?
कातडी जाते.
मग काय घालायचं?
हातमोजेऽऽ
पाढा म्हटल्यासारखं, शेवट लांबवून.
द्रौपदी केळुसकर तर
मी विसरलेलं वाक्यही आठवून देते.

मग सह्या.
इनासीनबाय अंगठा टेकवते.
तिच्या अंगठ्याला रेषा उरलेल्या नाहीत,
कागदावर उमटतो नुसता निळा डाग.
रकाना भरतो.

भोंगा होतो. कोरे मोजे खिळ्यावर जातात,
हात राखेत बुडतात,
यंत्रांची कटकट सुरू.

सहा अहवालांत मी याला सवय म्हटलं.
एकदा अडाणीपणाही म्हटलं,
जरा बऱ्या शब्दांत.

आज एसटीला अवकाश होता
म्हणून रिकाम्या पाटावर बसलो, मोजे चढवून.
बी पात्याखाली धरायची, पायानं दांडा दाबायचा,
टरफल उकलून गर अख्खा काढायचा.
बी निसटली.
धरली, निसटली.
निघाला तो तुकडा.
"तुकड्याक अर्धो भाव," द्रौपदी म्हणाली,
मान वर न करता.

तासाभरात माझ्या ताटात
एका चहाचे पैसेही जमले नव्हते.
"मोजे घातले तर सात किलो, नाय घातले तर अकरा.
ह्या गणित तुमच्या पडद्यार कधी येतला, सायबानू?"
आवाजात राग नव्हता.
बांगडे काय भावानं दिलेस, असं विचारावं
तसं विचारलं तिनं.

रात्री 'सूचना' या एकाच ओळीत,
जिथं दरवेळी 'पुन्हा प्रशिक्षण द्यावे' लिहायचो,
तिथं लिहिलं:
किलोमागचा दर वाढवावा.

उत्तर चार दिवसांत आलं.
रत्नागिरीला शिबिर, येत्या सोमवारी,
विषय: प्रशिक्षण परिणामकारक कसे करावे.
उपस्थिती सक्तीची.

मागच्या रांगेत बसलो.
खिडकीतून भाट्याची खाडी, ओहोटीची,
चिखलात कोपरापर्यंत हात घालून
कालवं शोधणारी एक बाई.
वक्त्यानं विचारलं,
शिकणारा शिकत नसेल तर दोष कोणाचा?
प्रशिक्षकाचाऽऽ
आम्ही सगळे, एका सुरात.

सहीचा कागद फिरत फिरत आला.
पेन धरताना अंगठा झोंबला,
कातडी अजून सोलत होती.
अहवालात लिहिलं नव्हतं, पण
त्या दिवशी शेवटच्या पंधरा मिनिटांत
मीही मोजे काढून ठेवले होते.

पहिला अख्खा गर
तेव्हाच निघाला.