दुखलं तर हात वर करा

वसमतला माझा दवाखाना मोंढ्याच्या मागं,
खाली हळदीची आडत, वर मी.
एप्रिल-मेत चूळ भरायच्या पाण्यालाही
हळदीचा वास येतो.

परवा नांदेडच्या हॉटेलात
आम्ही चाळीसेक दातांचे डॉक्टर जमलो.
कंपनीचा पोरगा पडद्यावर एक्स-रे लावून दाखवत होता:
कीड दिसली की लाल चौकोन,
हाड झिजलं की निळा.
मग रोबोटचा हात, जबड्यात स्क्रू बसवणारा,
केसाच्या जाडीइतकाही न चुकणारा.

काझी मॅडम म्हणाल्या, बरंय, याला दर तासाला चहा लागत नाही.
बिडवे म्हणाला, चुकलाच, तर पेशंटचे भाऊ
कुणाच्या दारात येतील?
सर, ते करारात लिहिलंय, पोरगा म्हणाला.
औंढ्याला नुकताच बोर्ड लावलेली एक मुलगी
मागच्या खुर्चीवरून हळूच म्हणाली,
मला पाहिजे हे. मी एकटीच असते तिथं,
विचारायला कुणी नसतं.
तेव्हा कुणी हसलं नाही.

मी काहीच बोललो नाही.
दिवाळीपासून माझा उजवा हात
किंचित हलतो,
हातातल्या ग्लासातल्या पाण्याला कळेल, इतकाच.
जेवणाच्या रांगेत ताट मी डाव्या हातात धरलं.

महिनाभर फुकट वापरा म्हणाले, आणला.
पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडला तो:
एका वस्तीवरच्या अकरा पोरांच्या दातांचे फोटो दिले,
अकराच्या अकरा लाल.
अरे बाबा, ती कीड नाही, ते बोअरचं पाणी आहे.
याला कुठल्या गावचे दात शिकवले कोण जाणे,
तिथं नळाला गोड पाणी असणार.
माझा कंपाउंडर मुंजाजी, बावीस वर्षांचा जुना,
त्या दिवशी भजे घेऊन आला.

तर गंगासागर.
हळद उकडायच्या कढईवर असते,
कोपरापर्यंत पिवळी, दिवसातून तीनदा मिश्री.
खुर्चीत बसली की मी सगळ्यांना सांगतो तेच सांगतो,
दुखलं तर डावा हात वर करा.
ती कधीच करत नाही. तिच्यासारख्या बाया करतच नाहीत.
पण पायाची बोटं आवळतात त्यांची,
आवळली की मी थांबतो.
हे मला कुणी शिकवलं नाही,
मीही कुणाला शिकवलं नाही.
त्या पोराला विचारायचं राहिलं,
तुमचा कॅमेरा पायांकडं वळतो का?

मशीनला पुन्हा तोंडावर पाडायचं म्हणून
तिचा मार्चमधला एक्स-रे टाकला मी त्यात.
डावीकडं खाली, शेवटच्या दाढेच्या मुळाशी
एक छोटा लाल चौकोन.
त्याच फिल्मच्या पाकिटावर
माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ठीक.

खिडकीशी नेऊन पाहिलं. भिंग लावून पाहिलं.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
मेथीच्या दाण्याएवढं होतं काहीतरी.
होतं.
मुंजाजीला मी सांगितलं नाही, पण
त्यानं रेडिओ बंद केला.

तिच्या पोराच्या फोनवर फोन लावला.
आता ठणकत नाही की वो डॉक्टर, काहून येऊ?
मी म्हणालो, माझं बघायचं राहिलं होतं.
मग म्हणालो, माझं चुकलं.
पलीकडं बराच वेळ
हळद पॉलिश करायच्या ढोलाचा खडखडाट.
सोमवारी येते, ती म्हणाली,
बाजाराला यायचंच हाय.

सोमवारी स्क्रीनवर तो चौकोन तसाच,
न हलता, न थकता.
मी कोपर बरगडीला टेकवलं,
हाताला जरा आधार.
दुखलं तर हात वर करा, म्हणालो,
आणि मुंजाजीला म्हटलं,
स्क्रीनचं स्टँड थोडं बाजूला घे,
पाय दिसेनात.